बिऱ्हाडमामांच्या एकशे सात सह्या

बिऱ्हाडमामांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि टेम्पोच्या कागदपत्रांना ठाऊक होतं, बाकी कुणाला त्याची कधी गरज पडली नाही. एकतीस वर्षं ते लोकांची घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवत होते. कपाटं, पलंग, शिलाई मशीन, माशांची काचेची पेटी, कुणाच्या तरी जावयानं हौसेनं घेतलेली आणि कपडे वाळत घालण्यापलीकडे कधीच न वापरलेली व्यायामाची सायकल, असं काय काय त्यांनी जिन्यांवरून चढवलं आणि उतरवलं होतं. कोणत्या इमारतीचा जिना कुठे वळतो आणि तिथे दोन दारांचं कपाट उभं न्यायचं की आडवं, हे ते घरबसल्या सांगायचे. खुद्द घरमालकांना आपल्या जिन्याची एवढी खबर नसायची.

अंगानं बुटके, खांद्यानं रुंद आणि तोंडानं फटकळ. सामान बांधताना नवरा-बायकोची हमखास जुंपते, त्यात मामा बेधडक मध्ये पडायचे. "वहिनी, हा माठ फुटका आहे. साहेब, तुमच्या या पुस्तकांना गेल्या वेळी बांधलेली दोरी अजून सुटलेली नाही. दोघांनी एकेक टाका आणि विषय मिटवा." लोकांना ते आवडायचं. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

धंद्यात त्यांची एक पद्धत होती. कुणी टेम्पो ठरवायला आलं की मामा दोन प्रश्न विचारत. पहिला सगळेच विचारतात, कुठे निघालात? दुसरा फक्त मामांचा होता, तुमच्या मागे त्या घरात कोण येतंय?

"ते तुम्हाला कशाला हवंय?" असं नवखं माणूस विचारायचं.

"कारण मला टेम्पो परत आणायचाय. हलवत हलवत रिकामा आणू का?"

मग मामा त्या येणाऱ्याला शोधून काढायचे, त्याचं सामान त्याच दिवशी त्या मोकळ्या घरात टाकायचे, आणि त्यालाही तेच विचारायचे, की बाबा रे, तुझ्या मागे कोण? असं एका घरातून दुसरं निघायचं, दुसऱ्यातून तिसरं. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मामा पेन्सिलनं बाण काढत. कधी तीन बाण, कधी चार. बायको म्हणायची, तारखा दिसत नाहीत हो, दूधवाल्याचे खाडे कुठे मांडू?

सगळ्यात लांब बाण गेले होते ते अकरा वर्षांपूर्वी. पाण्याच्या टाकीजवळ चाळीस घरांची नवी इमारत उभी राहिली होती. तिच्यात एक डॉक्टरीणबाई राहायला गेल्या. त्यांच्या जुन्या घरात शाळेच्या मोठ्या बाई आल्या. बाईंच्या जागेत एक शिंपी आला, शिंप्याच्या दोन खोल्यांत रुग्णालयातल्या दोन परिचारिका, त्यांच्या एका खोलीत नुकतं लग्न झालेला बसचा वाहक, आणि वाहक ज्या पोटमाळ्यावर राहायचा तिथे गिलावा करणारा एक कारागीर, बायको आणि दोन मुलींसह. दोन दिवसांत सहा बिऱ्हाडं. गिलावेवाला त्याआधी बांधकामाच्या बाजूला पत्र्याच्या आडोशात राहत होता. मामांनी सवयीनं त्यालाही विचारलं, की तुझ्या मागे कोण येतंय?

तो हसला. "मामा, पत्रे आहेत ते. त्यात कोण येणार? उद्या काढून टाकतील."

एवढं सगळं मामांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच टेम्पोतून झालं. डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावरच्या नव्या घरात गेल्या म्हणून गिलावेवाल्याच्या मुलींच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं. आणि आमच्या मामांनी त्यातून काय धडा घेतला? तर शेवटची फेरी रिकामी गेली. तेवढ्यासाठी दोन दिवस ते चिडचिड करत होते.

त्यानंतर गावात नवं असं काही उभंच राहिलं नाही. इकडे रुग्णालय दुप्पट मोठं झालं, दोन कॉलेजं आली, कामासाठी बाहेरून माणसं येतच राहिली. पण घरं होती तेवढीच. भाडं दर वर्षी वाढायचं आणि घरमालक ते सांगताना पूर्वी जसे जरा खाली बघायचे, तसे आता बघेनासे झाले. मामांचा धंदाही बसला, कारण जो तो आहे तिथेच चिकटून बसलेला. ज्यांना मोठं घर हवं होतं ते हलत नव्हते, म्हणून त्यांच्या मागचे हलत नव्हते. मामांना मिळायच्या त्या बहुतेक एकाच प्रकारच्या फेऱ्या, गाव सोडून लांब जाणाऱ्यांच्या. कॅलेंडरवरच्या तारखा आता स्वच्छ दिसायच्या.

मामा आणि मामी गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत. मुलगी चार गल्ल्या पलीकडे, एक खोली आणि तिला जोडलेलं स्वयंपाकघर, एवढ्या जागेत भाड्यानं. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावून द्यायची, जावई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. त्यांची तीन वर्षांची मुलगी सकाळी आठला आजीकडे यायची आणि संध्याकाळी सहाला जायची. मधले दहा तास त्या घरावर तिचंच राज्य. मामा जेवायला आले की तिला खांद्यावर घेऊन "कपाट आलं, कपाट आलं, बाजूला व्हा" असं ओरडत दोन खोल्यांतून फिरवायचे. तिला उभं न्यायचं की आडवं, हे ती ठरवायची. मामा-मामींचं सुख म्हणतात ते हे एवढंच होतं, आणि त्यांना ते पुरेसं होतं.

गल्लीच्या समोर साबणाच्या बंद कारखान्याची जागा होती. शेड कधीच पाडलेली, उरलं होतं मोकळं मैदान. तिथे मामा टेम्पो लावायचे. एके दिवशी तिथे पाटी लागली, सहा मजले, बहात्तर घरं.

गल्ली खवळली. निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, त्यांच्या व्हरांड्यात बैठक भरली. कुणी म्हणालं ऊन अडेल, कुणी म्हणालं पाणी पुरणार नाही, कुणी म्हणालं गाड्या कुठे लावणार. हेडसरांनी चष्मा पुसून निर्णय दिला, "आणि भाव? तो विचार केलाय का कुणी? असली दिमाखदार इमारत उभी राहिली की सगळ्या भागाची भाडी चढणार."

"अगदी बरोबर," मामा म्हणाले. "टाकीजवळची झाली तेव्हा मी स्वतः पाहिलंय. वर्षाच्या आत भाडी वाढली."

आता भाडी त्याच्याही आधीपासून वाढत होती, आणि वाढत होती म्हणूनच बिल्डर तिथे आला होता. लोकांनी छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असं म्हणण्यातलीच ही गत. पण व्हरांड्यात बसलेल्या कुणालाच ते सुचलं नाही, आणि मामांना तर सुचायचं कारणच नव्हतं. खरं सांगायचं तर मामांच्या मनात भावाबिवापेक्षा टेम्पो कुठे लावायचा हाच घोर होता. बैठकीत तसं म्हणता येत नाही, म्हणून माणसं भावाबद्दल बोलतात.

हरकतीचा अर्ज हेडसरांनी लिहिला, सह्या मामांनी गोळा केल्या. या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस गावात नव्हता. कोणतं दार कधी उघडं असतं, कोण दुपारी झोपतं, कुठे आधी सासूला विचारावं लागतं, सगळं तोंडपाठ. आठ दिवसांत एकशे सात सह्या झाल्या. हेडसरांनी त्यांची पाठ थोपटली आणि मामा दोन दिवस छाती काढून चालले.

मुलगी संध्याकाळी लेकीला न्यायला आली तेव्हा अर्जाची चळत टेबलावर होती.

"बाबा, तिथे बहात्तर घरं होणार होती ना?"

"अगं, ती आपल्यासाठी नाहीत. लिफ्टवाली घरं ती. आपल्याला ती बघायला तरी आत सोडतील का?"

"आम्हाला नकोच हो. परवडायला तर हवीत. पण कुणाला तरी झालीच असती ना."

"ज्यांना होणार त्यांना आधीच चिक्कार आहेत," मामा म्हणाले.  लेकीचे बूट शोधण्यात मुलीचा वेळ गेला आणि ती निघून गेली.

अर्ज लागू पडला. पालिकेनं परवानगी थांबवली, पाटी उन्हात विटत गेली आणि मामांचा टेम्पो जागच्या जागी राहिला.

आठ महिन्यांनी मुलीच्या घरमालकानं सांगितलं की त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय, खोली हवी आहे, सहा महिन्यांत बघा कुठेतरी. मुलगी रडवेली झाली. मामा मात्र हसले. "तू कशाला काळजी करतेस? एकतीस वर्षं या गावात मी काय भाजी विकली? प्रत्येक खोली मला ओळखते."

खोल्या ओळखत होत्या, मालक ओळख विसरले होते. मामा एकेकाकडे गेले. सगळ्यांनी पाणी विचारलं, चहा दिला, आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. मामा, तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण माझ्याकडे आधीच दहा जण नाव सांगून गेलेत. एकाच्याकडे तर भाडेकरू घर सोडायच्या आधीच पुढचा ठरला होता. ज्या जागेचं भाडं मुलगी-जावयाला झेपेल तिथे आता दीडपट मागत होते, आणि देणारेही होते. कोण देतंय एवढं, हेच मामांना कळेना. पाच महिने असेच गेले.

मग चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या होणार असं कळलं. चष्मेवाला भला माणूस होता. त्यानं भाडं वाजवी सांगितलं होतं आणि रविवारी दहा वाजता जागा बघायला बोलावलं होतं. मामा, मुलगी आणि नात पावणेदहाला पोहोचले. जिन्यावर रांग होती. खालच्या पायरीपासून वरच्या दारापर्यंत माणसं उभी. मामांनी मोजली नाहीत, पण वीसेक बिऱ्हाडं तरी असावीत.

वर जाता जाता मामांना रांगेत एक ओळखीचा चेहरा दिसला. बँकेतले साहेब. सहा वर्षांपूर्वी मामांनीच त्यांचं सामान उतरवलं होतं, काचेच्या दारांची कपाटं, वर पियानो. जिन्यात त्या पियानोनं दोन माणसांची कंबर धरली होती.

"साहेब, तुम्ही इथे? कुणासाठी बघताय?"

"आमच्यासाठीच, मामा." साहेब जरा ओशाळले. "मालकानं घर विकायला काढलंय. बाहेर पडावं लागतंय."

"पण ही तुमच्या मापाची जागा नाही. दोन लहान खोल्या आहेत. पियानो कुठे ठेवणार?"

"पियानो विकला. काय करणार? आमच्या मापाचं रिकामं काहीच नाही. त्या साबणाच्या कारखान्याच्या जागेवर आम्ही घर नोंदवलं होतं. वर्षभरात ताबा मिळाला असता, तेवढी मुदत मालकानं दिली असती. कुणीतरी शंभर सह्यांचा अर्ज केला आणि सगळं अडकलं."

 मागे मुलगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती लेकीच्या फ्रॉकचं बटण लावत राहिली. बटण आधीच लागलेलं होतं.

खोल्या चांगल्या होत्या. पुढच्या खोलीत ऊन येत होतं. मुलीनं खिडकीखालची जागा वितीनं मोजली, नातीची कॉट बसते का बघायला. बसत होती. खाली उतरताना ती म्हणाली, "बाबा, स्वयंपाकघरातून तुमची गल्ली दिसते." मामांनी चष्मेवाल्याचे हात धरले, स्वतःसाठी कधी कुणापुढे केलं नव्हतं तेवढं आर्जव केलं. चष्मेवाल्यानं दोन दिवस मागून घेतले.

खोल्या बँकेतल्या साहेबांना मिळाल्या. चष्मेवाल्यानं सांगितलेल्यापेक्षा जास्त भाडं आणि वर्षाचे पैसे आधी द्यायची तयारी त्यांनी दाखवली होती. चष्मेवाला स्वतः सांगायला आला, एवढा तो भला होता. "मामा, मलाही पोरं आहेत," तो म्हणाला. त्याला बोल लावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला, सामान हलवायचंय.

"जाऊ नका," मामी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला सांगा म्हणावं."

मामा गेले. धंदा म्हणून गेले असं ते म्हणाले, पण एखाद्या दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं ते होतं. ज्या खिडकीखाली मुलीनं वीत लावली होती तिथे त्यांनी साहेबांचं लिहायचं टेबल ठेवलं. आणि जुन्या घरातलं शेवटचं खोकं उचलताना तोंडाला सवय होती म्हणून विचारलं, "साहेब, तुमच्या मागे इथे कोण येतंय?"

"रुग्णालयात नवा सर्जन आलाय, त्यानं विकत घेतलं. त्यालाही नवीन हवं होतं म्हणे. नाही मिळालं, म्हणून जुनं घेतलं. आणि किंमत तरी काय मोजली असेल! आम्ही एवढ्यात दोन घेतली असती."

मामा जिन्यातच खोक्यावर बसले. सर्जनानं साहेबांना काढलं. साहेबांनी मुलीला काढलं. मुलगी आता कुणाला काढणार? तिच्याखाली जागाच नव्हती. टाकीजवळच्या इमारतीच्या वेळी वरचा माणूस पुढे सरकला की मागच्याला जागा होत होती. आता वरच्याला पुढे जायला वाट नव्हती, म्हणून तो खालच्याच्या अंगावर येत होता. आणि ती वाट कुणी बंद केली? तर दारोदार फिरून, सासवांना आधी विचारून, आठ दिवसांत. मामांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला तो त्यांना घेववेना.

मुदत संपायला पंधरा दिवस उरले तेव्हा जावयानं तीन तासांच्या अंतरावरच्या गावात बदली मागून घेतली. रुग्णालयाची तिथे शाखा होती, आणि घरं मिळत होती. मामांनीच सामान हलवलं. नात पुढे त्यांच्या शेजारी बसली होती आणि प्रत्येक वळणावर विचारत होती, आजीचं घर आलं का? मामांना गाडी चालवायची होती, म्हणून ते रस्त्याकडे बघत राहिले.

त्यानंतर कित्येक दिवस मामी सकाळी आठला दार उघडून उभ्या राहत. मग आठवलं की आत जात. मामांना त्या एका शब्दानं कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा एक दिवस पालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले, "माझी सही परत द्या."

"कसली सही?"

"साबणाच्या कारखान्याच्या अर्जावरची. माझी, आणि मी आणलेल्या एकशे सहा."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, सही करायचा कागद असतो. सही परत घ्यायचा कागद नसतो. पुढच्या महिन्यात फेरसुनावणी आहे. काय बोलायचं ते तिथे बोला."

सुनावणीला हेडसर इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते, गल्लीतले दहा-बारा जण मागे. मामांचं नाव हरकतदारांच्या यादीत पहिलं होतं, म्हणून त्यांनाच आधी उभं केलं.

"मी सामान हलवतो," मामा म्हणाले. "मला कायदा कळत नाही, जिने कळतात. टाकीजवळ चाळीस घरं झाली तेव्हा मी एका डॉक्टरीणबाईंना धरून सहा बिऱ्हाडं हलवली. शेवटचा माणूस पत्र्यातून पक्क्या घरात आला. तेव्हा मला कळलं नाही. आता बहात्तर घरं आम्ही अडवली. त्यात राहणार होते ते लोक काही हवेत विरून गेले नाहीत. ते आमच्याच पोरांच्या रांगेत पुढे येऊन उभे राहिले, आणि त्यांचा खिसा मोठा आहे. माझी मुलगी गाव सोडून गेली. सह्या मी गोळा केल्या होत्या. भाव इमारतीमुळे चढतील असं मी दारोदार सांगितलं. ते चूक होतं."

"मामा!" हेडसर उठून उभे राहिले. "तुम्हीच अर्ज घेऊन दारोदार फिरलात आणि आता तुम्हीच?"

"हो सर. म्हणून तर मीच सांगायला हवं."

इमारतीला परवानगी मिळाली, पण एक मजला कमी करून. ती मामांच्या बोलण्यामुळे मिळाली असं कुणी समजू नये. बिल्डरचा वकील त्यांच्यापेक्षा बराच जास्त बोलला होता. मामांच्या बोलण्याचा परिणाम एवढाच झाला, की गल्ली त्यांच्याशी बोलेनाशी झाली. हेडसर तर समोरून आले की पलीकडची बाजू धरत. मामा टेम्पो आता दोन रस्ते सोडून लावायचे आणि रोज तेवढं चालत यायचे.

बांधकामाला सव्वादोन वर्षं लागली. साठ घरं झाली. आणि पहिल्या महिन्यापासून मामांचा फोन खणखणायला लागला. सर्जन आपलं जुनं घर विकून नव्यात गेला. बँकेतले साहेब चौथ्या मजल्यावर गेले. त्यांच्या मागे चष्मेवाल्याकडे एक शिक्षक जोडपं आलं, त्यांच्या मागे बेकरीतला कारागीर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुन्हा बाण आले. भाडी उतरली असं नाही. पण चढायची थांबली, आणि जिन्यांवरच्या रांगा आखूड होत होत एक दिवस दिसेनाशा झाल्या. मालक लोक भिंतींना रंग द्यायला लागले. हे मामांना सगळ्यात नवलाचं वाटलं, कारण आधीची दहा वर्षं पोपडे पडलेल्या खोल्यांसाठी माणसं भांडत होती.

आणि एका संध्याकाळी हेडसर स्वतः मामांच्या दारात आले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"मामा, राग सोडा," सर म्हणाले, जसं काही रागावले मामाच होते. "माझ्या वरच्या दोन खोल्या दीड महिना झाला रिकाम्या आहेत. भाडेकरू नव्या इमारतीत गेला. तुमच्या बघण्यात कुणी असेल तर सांगा. भाड्याचं आपण बसून ठरवू. अडून बसणार नाही मी."

 आतून मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "सर, किल्ली आहे का?" त्यांनी विचारलं. सरांनी दिली. मामी केरसुणी आणि सुपली घेऊन तडक समोरच्या सरांच्या घराच्या जिन्यावर गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती.

मामांनी मुलीला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, दोन खोल्या, आपल्या समोर, हेडसरांच्या वर, भाडं तुम्हाला झेपेल, कधी येताय ते सांग, मी टेम्पो घेऊन येतो.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आम्ही इथे घर घेतलंय. लहानसं आहे. गावाबाहेर खूप बांधलीत ना, त्यात आम्हाला परवडलं. मागच्या आठवड्यातच सह्या झाल्या. रविवारी येऊन सांगणार होतो तुम्हाला."

"हो का? छान. छान झालं."

"ह्यांची नोकरीही इथे कायम झालीय. हिची शाळा... बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. आनंदाचीच गोष्ट आहे. दे तिच्याकडे."

नात आता सात वर्षांची होती, फोनवर मोठ्या माणसासारखी बोलायची. शाळेतल्या मैत्रिणींची नावं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही आमच्या गावाला कधी येणार?"

"येतो की," मामा म्हणाले. "लवकर येतो."

हेडसर अजून दारातच उभे होते. अर्धं त्यांना ऐकू गेलंच होतं. "मामा, भाडं अजून थोडं कमी करू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"भाड्याचं नाही सर. तीन वर्षांपूर्वी हवी होती ही जागा. आता दुसरं कुणी बघतो मी तुमच्यासाठी."

मग मामा समोरचा जिना चढले. वर मामींनी सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. पदर खोचून त्या पुढची खोली झाडत होत्या, कोपऱ्यातली जाळी निघाली होती, निम्मी फरशी स्वच्छ झाली होती.

"कॉट इकडे भिंतीला लावू," त्या मागे न बघताच म्हणाल्या. "तिथे वारा लागेल तिला. कधी येतायत?"

"येत नाहीत," मामा म्हणाले. "तिकडेच घर घेतलंय त्यांनी. स्वतःचं."

मामी वाकल्या होत्या तशाच थांबल्या. केरसुणी हातात होती. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. मग त्यांनी राहिलेली निम्मी खोली झाडायला घेतली, भिंतीच्या कडेकडेनं, घाई न करता. सगळा केर उंबऱ्याशी आणला.

"ती सुपली द्या इकडे," त्या म्हणाल्या. "ज्यांना मिळेल त्यांना जागा स्वच्छ तरी मिळू दे."

मामांनी सुपली पुढे धरली आणि मामींनी तिच्यात केर भरला.